उदबत्ती आणि लाल दिवा

उदबत्तीचा वास आला की मला इंदापूरच्या त्या दवाखान्याची बैठक आठवते. इमारत अजून बांधून व्हायची होती. आगीची सूचना देणारी यंत्रणा कशी हवी, ते सगळं मी महिनाभर खपून लिहून दिलं होतं, आमच्याच कंपनीला काम मिळावं म्हणून. बैठकीला मी नुसते कागद घेऊन गेलो. दुसऱ्या कंपनीच्या माणसानं पिशवीतून स्मोक डिटेक्टर काढला आणि गणपतीपुढची उदबत्ती उचलून त्याच्याखाली धरली. डिटेक्टर असा किंचाळला की सगळे दचकले. "हितं लिवलंय तसंच वाजतंय की!" दवाखाना बांधणाऱ्या संस्थेचे आबा माझेच कागद हातात धरून म्हणाले, आणि काम त्याला गेलं. परवा त्याच दवाखान्यात आईच्या उशाशी बसलो होतो. छतावर त्याच्या डिटेक्टरचा लाल दिवा नेमानं लुकलुकत होता. मेला एकदाचा बंद पडावा, असं मनात आलं. आणि त्याच्या बरोब्बर खाली आई झोपली होती.