सितारा बारचे हणमंतराव

हणमंतरावांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या दारात, आईच्या मागे उभे असलेले. पांढरा बंद गळ्याचा कोट, कपाळावर घाम, आणि हात पाठीमागे धरलेले. माझे बाबा या माणसाला वीस वर्षांहून अधिक काळ रोज भेटत होते. आमच्या घरात मात्र त्यांचं नाव कधी कुणी घेतलं नव्हतं.

ते मूळचे भालकीकडचे. निजामाच्या राज्यात त्यांच्या घरची थोडी जमीन होती, ती भावाभावांत तुकडे होऊन संपली. कुणाच्या तरी ओळखीनं ते हैदराबादला आले आणि नारायणगुड्यातल्या सितारा बारमध्ये लागले. आधी टेबलं पुसायला, मग वाढायला, आणि पुढे काउंटरवर. लग्न झालं. बायको, गंगूबाई, फार लवकर वारल्या. मूलबाळ नव्हतं. त्यानंतर सितारा हेच त्यांचं घर झालं.

त्या जागेबद्दल ते मला पुढे फार बोलले. संगमरवरी टेबलं होती, उन्हाळ्यात हात ठेवला की गार वाटायचं. वेताच्या खुर्च्या. उकडलेले हरभरे, वर कच्चा कांदा, लिंबू आणि हिरवी मिरची, ती बशी न मागता यायची. खिडकीजवळ एक कातिब बसायचे, उर्दू वर्तमानपत्राचा मजकूर हातानं लिहिणारे. एक पेग घेऊन दोन तास बसत आणि सांडलेल्या पाण्यात बोट बुडवून टेबलावर सुंदर अक्षरं काढत. कोपऱ्यातलं टेबल मराठी लोकांचं. तिथे माझे बाबा, म्हणजे बाळकृष्ण वकील, आणि रेल्वेतले रिटायर गार्ड नामदेवराव. कोर्टातल्या गोष्टी, काझीपेठच्या यार्डातल्या गोष्टी, कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाचा मधुमेह. "तिथे कुणी चढून बोलत नव्हतं, ताई," हणमंतराव सांगायचे. "आवाज वाढला की मी नुसतं टेबलाजवळ जाऊन उभा राहायचो. बस्स."

मग दिवस बदलले. मालक मल्लय्या सेठनं संगमरवर काढून सनमायका बसवला, भिंतीवर केबलचा टीव्ही लावला. शेअरचे भाव बोलणारी, ब्रीफकेस घेऊन येणारी नवी मंडळी आली. वर्तमानपत्रात कॉम्प्युटर आला आणि कातिबसाहेब यायचे थांबले. आणि पंच्याण्णव साली राज्यात दारूबंदी आली.

त्या बंदीसाठी माझी आईही रस्त्यावर उतरली होती. नारायणगुड्यातल्या मराठी शाळेत ती शिक्षिका होती, सगळे तिला सरोजबाई म्हणत. खेड्यापाड्यांतल्या बायकांनी दारूविरुद्ध जे आंदोलन उभं केलं, त्याच्या पाठिंब्याला शहरात मोर्चा निघाला, तेव्हा सरोजबाई पुढच्या रांगेत होत्या. बंदी लागू झाल्यावर बाबा संध्याकाळी चालायला जाऊ लागले. आईला बरं वाटलं.

ते चालत सितारामध्येच जात होते. पुढच्या बाजूला मल्लय्यानं इडली-डोशाचं हॉटेल काढलं होतं. मागच्या खोलीत जुनी ओळखीची माणसं बसत आणि हणमंतराव किटलीतून चहाच्या कपात दारू ओतत. पोलीस आले तर चहा दिसावा म्हणून. हणमंतरावांना त्या किटलीचा धाक वाटायचा. दारावर कुणी जोरात थाप मारली तरी ते किटली खाली ठेवून द्यायचे. पण या वयात जायचं कुठे?

सुरुवातीला माल राज्याच्या सीमेपलीकडून, बाटलीबंद यायचा. शहाण्णवच्या ऑक्टोबरात मल्लय्यानं प्लॅस्टिकचे कॅन आणले. हणमंतरावांनी झाकण काढून वास घेतला.

"सेठ, ये कुछ अलग लगरा."

"कायकू डरता रे? माल वहीच है, डब्बा बदला बस."

त्या संध्याकाळी नेहमीचे बरेच लोक आलेच नाहीत, कोपऱ्यातलं टेबल मात्र आलं. नामदेवरावांनी तीन कप घेतले. बाबांनी दीड. दोघं उजेड असतानाच उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हणमंतराव कामावर आले तर मागच्या गल्लीत रडारड चालू होती. नामदेवराव तिथेच राहायचे. त्यांची सून दारात बसून येणाऱ्या प्रत्येकाला तेच तेच सांगत होती. सासरे सकाळी उठले आणि म्हणाले, दिवा का नाही लावला, किती अंधार करून ठेवलाय. आणि बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. डॉक्टर येईपर्यंत ते गेले होते.

हणमंतराव गल्लीतच थांबले. पहिला विचार आला तो पळून जायचा. स्टेशनवर जायचं, बीदरची गाडी धरायची. हे ते स्वतः सांगायचे, काही न लपवता. दुसरा विचार वकीलसाहेबांचा आला, आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की वकीलसाहेबांचं घर आपल्याला माहीतच नाही.

इतक्या वर्षांत त्यांना सगळं ठाऊक होतं. बाबांना सोडा कमी लागतो, माझ्या आजोबांच्या शेवटच्या आजारात बाबा भांडले होते, मी पोटात असताना आईला किती त्रास झाला होता. फक्त पत्ता माहीत नव्हता. हिमायतनगर, एवढंच. हिमायतनगरात ते गल्लोगल्ली फिरले. एका पानवाल्याला विचारलं, एका इस्त्रीवाल्याला विचारलं. मोठ्यानं विचारायचीही भीती, कारण उद्या पोलिसांनी त्याच पानवाल्याला विचारलं तर? वकिलांच्या पाट्या होत्या, पण त्यांत बाबांची नव्हती. शेवटी आठवलं की सरोजबाई मराठी शाळेत आहेत. ते तसेच परत पळत नारायणगुड्याला आले.

शिपायानं आईला वर्गातून बोलावलं. समोर अनोळखी माणूस, धापा टाकणारा.

"बाई, घरी चला. साहेबांची तब्येत कशी आहे?"

"तुम्ही कोण?"

"मी साहेबांच्या ओळखीचा."

"सकाळी पोटात दुखतंय म्हणाले, म्हणून कोर्टात गेले नाहीत. पण तुम्हाला कुणी सांगितलं?"

आईनं त्यांचा कोट पाहिला, खिशावर लाल दोऱ्यानं भरलेला तारा पाहिला. सिताराच्या समोरूनच ती रोज शाळेला जायची. तिनं पुढे काही विचारलं नाही. खडू हातात तसाच घेऊन ती रिक्षात बसली.

मी घरीच होते, कॉलेजला सुट्टी होती. बाबा पडून होते. मला वाटत होतं, पित्त झालंय. ते दोघं यायच्या जरा आधी बाबांनी मला हाक मारली.

"शिल्पा, बाहेर कुणी कचरा पेटवलाय का गं? सगळा पांढरा धूर दिसतोय."

मी खिडकीतून पाहिलं. धूर कुठेच नव्हता. तरी मी खिडकी लावून घेतली.

दारातूनच हणमंतरावांनी विचारलं, "साहेब, दिसतंय ना तुम्हाला?" बाबांनी आवाज ओळखला, आणि त्यांचा चेहरा पडला. आपल्या घरात, बायकोसमोर, तो आवाज. ते म्हणाले, "हणमंतराव, तुम्ही इथे कशाला आलात?"

"नामदेवराव गेले, साहेब."

आम्ही त्यांना रिक्षात घातलं आणि अफझलगंजकडच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. मी बाबांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. ते पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर हात धरून बोटं बघत होते. तपासायला एक तरुण तेलुगू डॉक्टरीण होती. तिनं डोळ्यांत बॅटरी मारली आणि विचारलं, "काय प्यायलेत हे? खरं सांगा, वेळ नाहीये."

व्हरांड्याच्या टोकाला पोलीस चौकी होती. दोन शिपाई आमच्याकडे बघत होते. आई बाबांकडे बघत होती आणि बाबा भिंतीकडे.

"दारू," हणमंतराव म्हणाले. "काल संध्याकाळी. मीच ओतली."

डॉक्टरीणबाईनं एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि कामाला लागली. सलाईन लावलं. मग आईला बाजूला घेऊन सांगितलं की या दारूत मिथाइल अल्कोहोल असणार, आणि त्या विषावर उतारा म्हणून शुद्ध अल्कोहोलच द्यावं लागतं. त्याचं इंजेक्शन आत्ता नाही, मागवलंय, पण यायला संध्याकाळ होईल. तोवर डोळे जातील, कदाचित जीवही. "चांगली सीलबंद व्हिस्की मिळाली तर मोजून पाजता येईल. सरकारी परवानगीला उद्या उजाडेल. मी काही बोलले नाही असं समजा."

आईला ते समजायलाच क्षणभर वेळ लागला. तिच्या कानांवर तिचा विश्वास बसेना. मग ती हणमंतरावांकडे वळली.

"तुम्ही आणू शकाल?"

त्यांनी मान हलवली आणि निघाले.

सिताराचं शटर बंद होतं. मागच्या दारानं आत गेले तर मल्लय्या कॅन पोत्यात भरत होता, चेहरा राखेसारखा.

"सेठ, कपाट में की एक पुरानी बाटली देओ. सीलवाली."

"पागल हुआ क्या? एक आदमी मर गया उधर!"

"वकीलसाब को दवा होना."

"पकडे गया तो मेरा नाम लेता तू. नक्को!"

हणमंतरावांनी इतक्या वर्षांत मालकाला कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. ते म्हणाले, "नहीं दिया तो अब्बीच चौकी में जाके नाम लेता." त्यांचाच आवाज त्यांना परका वाटला. मल्लय्यानं किल्ली फेकली आणि पोतं ओढत निघून गेला.

बाटली पंच्यात गुंडाळून त्यांनी पिशवीत तळाला ठेवली. वर केळी रचली, पेशंटला नेतात तशी. रिक्षा कोठीच्या चौकात आली आणि थांबली. नाकाबंदी होती. पोलीस रिक्षावाल्यांची तोंडं हुंगत होते, डिक्क्या उघडत होते. उतरून चालत जावं तर संशय येणार, बसून राहावं तर पिशवी बघणार. एक शिपाई वाकला.

"एंटिदि? काय आहे यात?"

"पेशंटसाठी केळी, साब."

शिपायानं पिशवीत हात घातला. हणमंतराव सांगायचे, "ताई, त्या वेळी मी गंगूचं नाव घेतलं. देवाचं सुचलंच नाही." शिपायाचा हात केळ्यांवर फिरला, वरची फणी त्यानं उचलली, एक केळं तोडून घेतलं, बाकीची परत टाकली. फणी बाटलीवर आदळली. पंच्यामुळे आवाज झाला नाही. "जा," तो म्हणाला.

दवाखान्यात पोचल्यावर त्यांना पंच्याची गाठ सोडता येईना. मी सोडली. डॉक्टरीणबाईनं औषधाच्या मापात ओतून पाणी घातलं आणि पडदा ओढून घेतला. पाजलं आईनं. जी बाई बंदीच्या घोषणा देत नारायणगुड्यातून चालत गेली होती, ती नवऱ्याच्या मानेखाली हात घालून घोट घोट व्हिस्की पाजत होती, आणि ओठांतून ओघळलेली पदरानं टिपत होती. ठरल्या वेळी पुन्हा, मग पुन्हा. संध्याकाळी इंजेक्शनं आली.

हणमंतराव व्हरांड्यात बाकावर बसून राहिले. मी म्हटलं, "काका, तुम्ही आता जा." ते म्हणाले, "भीती वाटते म्हणूनच बसलोय. पळालो तर आयुष्यभर पळावं लागेल." बाबांना आता धोका नाही हे कळल्यावर ते स्वतः उठून चौकीत गेले.

मल्लय्या सापडला नाही. हणमंतराव चंचलगुड्याच्या तुरुंगात गेले. बाबा जगले. एक डोळा गेला, दुसऱ्यानं तेल लावलेल्या कागदातून बघावं तसं दिसायचं. घरी आल्यावर पहिलं काम त्यांनी केलं ते हणमंतरावांच्या जामिनाचं. कागद मी वाचून दाखवायचे, ते तोंडानं सांगायचे. कोर्टात, सगळ्या ओळखीच्या वकिलांसमोर, त्यांना सांगावं लागलं की मी बंदीच्या काळात रोज प्यायला जात होतो आणि या माणसामुळे वाचलो. आई मागच्या बाकावर बसली होती. केस तीनेक वर्षं चालली. शेवटी हणमंतरावांना थोडी शिक्षा झाली, ती आधीच भोगून झाली होती.

तोवर बंदी उठली होती. ते आमच्या गल्लीतल्या एका औषधाच्या दुकानात कामाला लागले आणि संध्याकाळी आमच्या ओसरीवर येऊन बसायचे. आई चहा द्यायची. बाबा आणि ते सिताराच्या गोष्टी काढायचे, नामदेवरावांच्या, कातिबसाहेबांच्या. पण गल्लीत जीप थांबल्याचा आवाज आला की हणमंतरावांचं वाक्य मध्येच तुटायचं.

दोन हजार सालच्या सुमारास हिमायतनगरात काचेच्या दारांचा एक नवा बार निघाला. एका दुपारी बाबांनी हट्ट धरला. मी दोघांना घेऊन गेले. आत एसी, मंद दिवे, गणवेशातली मुलं. हणमंतरावांनी दाराकडे तोंड करून जागा घेतली. वेटरला बाटली टेबलावर आणायला लावली, सील हातानं चाचपलं, वरचं लेबल मला वाचायला सांगितलं, मग फोडायला लावली. बाबांनी ग्लासाकडे हात नेला तर त्यांनी तो धरला.

"थांबा, साहेब. आधी मी."

त्यांनी एक घोट घेतला आणि डोळे विस्फारून समोरच्या दिव्याकडे बघत बसले. बराच वेळ.

"अहो, त्याचं दुसऱ्या दिवशी कळतं," बाबा हळूच म्हणाले. "उद्यापर्यंत बसायचं का?"

हणमंतराव हसायला गेले, पण हसू आलं नाही. बाबांनी ग्लास बाजूला सारला, त्यांच्या हातावर हात ठेवला, आणि मला म्हणाले, "चल गं. घरी तुझी आई वाट बघत असेल." भरलेले ग्लास तसेच टेबलावर ठेवून आम्ही बाहेर आलो. ऊन होतं. बाबांना नीट दिसत नव्हतं म्हणून हणमंतरावांनी त्यांचा दंड धरला, आणि पायऱ्या उतरताना दोघंही एकमेकांना सांभाळून चालत होते.