शिव्या, पण एस्पेरांतोत

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तिला सगळे भोंगा म्हणत, अर्थात पाठीमागे. शिकवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण शिकणाऱ्याने क्लच सोडायची जरा घाई केली, की बाईंचा आवाज असा चढे की फुटपाथवरची माणसं आपलंच काही चुकलं समजून बाजूला होत. शेवटी मालकांनी बोलावून सांगितलं, "आणखी एक तक्रार आली, तर घरी बसा." घरी बसायचं म्हणजे दिवसभर सासूबाईंसमोर बसायचं, आणि त्यांना तर ही नोकरी पहिल्यापासूनच खुपत होती.

उपाय काढला धाकट्या दिराने. सगळ्या जगाने एकमेकांशी बोलावं म्हणून कुणीतरी मुद्दाम बनवलेली एस्पेरांतो नावाची भाषा तो शिकत होता, आणि घरात ऐकणारं गिऱ्हाईक शोधत होता. "वहिनी, हिच्यात रागवा. कुणाला कळणारच नाही." रोज जेवणाच्या टेबलावर शिकवणी सुरू झाली. बोना म्हणजे चांगला. पुढे 'मल' लावलं की थेट उलट: मल्बोना, वाईट. 'ने' लावलं की नेबोना, म्हणजे चांगला नाही इतकंच. वाईट ठरायला अजून अवकाश आहे. एखादी गोष्ट मुळात नसेल तर 'सेन', चुकीची झाली असेल तर 'मिस'. सासूबाई पलीकडे बसून चष्मा पुसत आणि मधूनच सुस्कारा सोडत.

युक्ती भलत्याच वाटेने लागू पडली. एकदा बँकेतल्या एका साहेबांनी लाल सिग्नल खुशाल ओलांडला. तिने तोंड उघडलं आणि अडली. यांना अक्कल मुळातच नाही, की आहे पण उलटी? की चांगली भरपूर आहे, फक्त चुकीच्या पेडलवर पडली? ठरेपर्यंत दोन चौक मागे पडले, राग कुठल्या कुठे गेला आणि तिला फिस्सकन हसू आलं. साहेबही सुटकेने हसले. हळूहळू लोक तिचीच गाडी मागू लागले.

आणि एका सकाळी ऑफिसात नवी विद्यार्थिनी बसलेली दिसली. पर्स मांडीवर, पाठ ताठ, फी भरून मोकळ्या झालेल्या सासूबाई. "सारखं कुणाला तरी 'सोड रे मला' म्हणायचा कंटाळा आला," त्या म्हणाल्या. तक्रार करण्यात त्यांचा हातखंडा होता. डॉक्टरसुद्धा त्यांना बघून आधीच माफी मागत. मालक म्हणाले, "परत आलात की मी स्वतः विचारेन हं, कसं वाटलं ते."

पहिली काही मिनिटं गाडी गोगलगायीसारखी, पण सरळ चालली. मग वळणावर सासूबाईंनी ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडी थेट फर्निचरच्या दुकानाबाहेर मांडलेल्या सोफ्यावर झेपावली. सुनेने आपल्या बाजूचा ब्रेक जिवाच्या आकांताने दाबला. सोफा वाचला. 'सेन' की 'मिस' बघायला वेळच नव्हता. "मल्बोना!" ती किंचाळली.

सासूबाईंनी पर्स सरळ केली.

"मल नाही. ने."

"काय?"

"पहिला दिवस आहे माझा. मी वाईट चालवते असं अजून ठरलेलं नाही. चांगली चालवत नाही, एवढंच. नेबोना म्हण. इतके दिवस त्या टेबलावर ऐकतेय तुमचं, बहिरी नाहीये मी."

"चुकलं, आई," सून कशीबशी म्हणाली आणि तिला हसू फुटलं. सासूबाईंनाही राहवेना. दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या, आणि दुकानदाराला वाटलं, बायका घाबरून रडताहेत. तो धावत पाणी घेऊन आला.

परतल्या तेव्हा मालक दारातच उभे होते. "काही तक्रार?"

"आहे," सासूबाई म्हणाल्या. सुनेचा चेहरा खर्रकन उतरला.

"एवढी वर्षं ही कामावरून आली की उत्साहाने सांगायला बसायची, आणि मी उठून आत जायचे. ती तक्रार माझ्याविरुद्ध आहे, तिचं मी बघेन. तुमच्याविरुद्ध एवढीच, की अर्ध्या तासात काही होत नाही. उद्यापासून मला पूर्ण तास द्या, आणि हिच्याकडेच द्या. दुसऱ्या कुणाचं ओरडणं मी ऐकून घेणार नाही."