आत्याबाई, सार आणि संशय

आमच्या आत्याबाई पाण्याचा पेलासुद्धा वास घेतल्याशिवाय तोंडाला लावत नसत. मला पाहायला आल्या तेव्हा मी पोह्यांची बशी पुढे केली, तर त्यांनी ती नाकाशी धरली, माझ्याकडे पाहिलं, परत बशीकडे पाहिलं आणि विचारलं, "तेल कुठलं?" माझी आई घाबरून म्हणाली, "घाण्याचं." त्यावर आत्याबाई म्हणाल्या, "घाण्याचं सगळेच म्हणतात." लग्न ठरलं, पण त्या तेलाचा संशय त्यांनी मनातून काढला असेल असं मला वाटत नाही.

गंमत म्हणजे वास घेणारं ते नाक तपकिरीनं कधीच कामातून गेलं होतं. पण हे त्यांना सांगायची छाती घरात कुणाची नव्हती. आत्याबाई माझ्या सासऱ्यांची, म्हणजे मामंजींची, धाकटी बहीण. लहानपणीच कपाळाचं कुंकू पुसलं गेलं आणि त्या भावाकडे, गिरगावातल्या चाळीत आमच्या दोन खोल्यांत आल्या. सासूबाई गेल्यावर घर त्यांच्याच हाती आलं. दूधवाला पाणी घालतो, वाणी तूरडाळीत लाखेची डाळ मिसळतो, शेजारीण नळावर आपली बादली मागे सरकवते, असे त्यांचे संशय दिवसभर चालू. म्हणायच्या, "विश्वास ठेवावा देवावर. नैवेद्यावर मात्र झाकणच ठेवावं."

ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. आज हरताळ, उद्या मोर्चा, परवा संचारबंदी. रस्त्यावर 'झालाच पाहिजे'ची आरोळी उठली की हे ऑफिसातून धड घरी येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागायचा. माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. त्यातच आमच्या घरात मळमळ शिरली. आधी मामंजी, मग हे, मग खुद्द आत्याबाई. जेवून उठलं की थोड्या वेळात तोंडाला पाणी सुटायचं, पोटात ढवळायचं आणि मोरीकडे धाव.

मळमळीवर आत्याबाईंचा अभ्यास दांडगा. "रिकाम्या पोटची मळमळ पित्ताची, भरल्या पोटची अजीर्णाची, ट्राममधली डोक्याची आणि नव्या सुनेची आनंदाची," असं त्या बोटांवर मोजत सांगायच्या. पित्ताला मोरावळा, अजीर्णाला आलं, लिंबू, सैंधव आणि एक वेळ लंघन. आणि सगळ्यांवर एकच रामबाण, आमसुलाचं सार. माळ्यावरचं मोठं पितळी पातेलं त्यांनी स्वतःच आधी काढून दिलं होतं आणि त्यात एक वेळ सार व्हायचंच. आता फर्मावलं, "दोन्ही वेळा सार कर. चांगलं खळखळून उकळ आणि भरपूर कर." मी करत होते, तिघंही वाट्याच्या वाट्या पीत होती आणि मळमळ काही हटत नव्हती. उलट वाढतच होती, मेली.

आत्याबाईंनी आधी अश्रुधुरावर संशय घेतला. "तो धूर पोटात उतरलाय," म्हणाल्या. मग दूधवाला बदलला. मग वाणी बदलला. मग एका दुपारी त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली.

"तुला गं कशी मळमळ होत नाही?"

रांधणारी मी, वाढणारी मी, आणि ठणठणीतही मीच. त्यात माझ्या पदराच्या गाठीत पुडी सापडली. "आवळकाठी आहे, आईनं दिलीय," मी म्हटलं. "पुडी माहेरची आणि मळमळ सासरी," आत्याबाई म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत ते गॅलरीभर झालं. सून काहीतरी चारते, नवऱ्याला मुठीत ठेवायला.

डॉक्टरांनी बाटलीत औषध दिलं आणि बजावलं, "एकाला मळमळलं तर खोट पोटात असते. सगळ्यांना एकदम मळमळलं तर ताटात. औषध घ्या, पण ताट बघा." घरी आल्यावर मामंजींनी ताट नाही बघितलं, माझ्याकडे बघितलं. यांना म्हणाले, "थोडे दिवस पेणला, माहेरी पोचवून ये हिला." थोडे दिवस म्हणजे किती, ते मला ठाऊक होतं. पलीकडच्या बिऱ्हाडातली सून अशीच थोड्या दिवसांसाठी गेली होती, ती परत आली नव्हती. आणि हे? हे मान खाली घालून बसले. मला यांचा असा राग आला ना, आठवलं की आजही येतो.

बोलल्या त्या आत्याबाई. "थांब दादा. संशय घ्यायचा तर रीतसर घ्यावा. सुनेपाशी आणून संपवला तर तो संशय नव्हे, आळस झाला." आणि माझ्या पुडीतली आवळकाठी त्यांनी सरळ तोंडात टाकली. "विष असलं तर मी जाईन. माझ्यामागे रडायला कोण बसलंय!" काही झालं नाही. मग म्हणाल्या, "उद्या मी हिच्या पंगतीला. ही खाईल तेच मी खाणार."

दुसऱ्या दिवशी पुरुषांची पानं उठल्यावर त्या माझ्या शेजारी बसल्या. मी वाढलं. भात, पातळ ताक आणि लोणच्याची फोड.

"सार कुठाय?"

"संपलं."

"रात्री घेतेस?"

"रात्रीही संपतं, आत्याबाई."

"कधीपासून?"

मला हुंदकाच फुटला. त्यांनी समोरचा ताकभात खाली मान घालून खाल्ला, लोणच्याच्या फोडीचा अर्धा भाग माझ्या पानात टाकला.

त्या दिवशी पुरुष मोरीकडे धावले आणि आत्याबाईंना ढेकरसुद्धा वावगा आला नाही. त्या ताडकन उठल्या, साराचं पातेलं गॅलरीत उजेडात नेलं आणि आत डोकावल्या. तळाची कथलाची कल्हई पार गेली होती. पिवळं पितळ उघडं पडलं होतं, कडेला हिरवट झाक. अशा भांड्यात आंबट उकळलं की ते कळकतं आणि पोटात गेलं की ढवळतं. नाक धड असतं तर त्यांनी ते वासावरूनच ओळखलं असतं. पण ते तपकिरीनं गेलेलं, आणि हरताळांच्या धामधुमीत कल्हईवाला चाळीत फिरकलाच नव्हता. माझ्या माहेरी सार मातीच्या भांड्यात व्हायचं, मला कल्हईचं काय कळणार! नैवेद्याआधी चव घ्यायची नाही, आणि नंतर चव घ्यायला उरायचं नाही.

मामंजींच्या समोर त्यांनी ते पातेलं आदळलं. "सार करायला सांगितलं कुणी? मी. भांडं काढून दिलं कुणी? मी. आणि ही पोर वाचली कशानं, ऐकायचंय? आपण तिघं हिच्यासाठी घोटभरसुद्धा ठेवत नव्हतो, म्हणून." पेणचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.

आत्याबाईंनी माझी माफी वगैरे मागितली नाही, त्यांच्या स्वभावातच ते नव्हतं. पण दुसऱ्या दिवसापासून पुरुषांची पानं घ्यायच्या आधी माझी आमटीची वाटी भरून झाकून बाजूला ठेवायला लागल्या. शहर शांत झालं तसा कल्हईवाला आला, तर त्याच्या भात्याशेजारी ठाण मांडून बसल्या. "कथील खरंच आहे ना रे?" त्याला विचारत होत्या.

पुढे बऱ्याच वर्षांनी त्या अंथरुणाला खिळल्या. पोटात पाणी ठरेना. मी आमसुलाचं सार केलं, कल्हईच्या भांड्यात, आणि चमचा त्यांच्या ओठांशी नेला. त्यांनी हात आडवा धरला. "आधी तू घे."

मला वाईट वाटलं. म्हटलं, "काय हो आत्याबाई, अजून माझा संशय?"

"हो," त्या म्हणाल्या. "सकाळपासून इथंच आहेस. जेवली नसशील, असा संशय आहे."