पाचवा फॉर्मा

"अहो सर, हे तुमचं अमेरिकेचं पावणं मेल्यावर औषध घेतंय की!"

बाइंडिंगच्या टेबलावरून आक्काताई ओरडल्या. शाहूपुरीतल्या आमच्या छापखान्यात त्या छापील कागदांच्या घड्या घालतात, आणि घालता घालता वाचतात. बाकीच्या बायका हसल्या. मी उठलो. उठताना चष्मा खाली पडला.

मी मुद्रितशोधक आहे. पुस्तक छापण्याआधी त्याची कच्ची प्रत, म्हणजे प्रूफ, वाचून चुका काढायच्या, हे माझं काम. सव्वीस वर्षं करतोय. हे पुस्तक होतं अमेरिकेच्या एका राष्ट्राध्यक्षाचं चरित्र, शाळकरी मुलांसाठी. नाव सांगत नाही, पुस्तक अजून विक्रीला आहे.

पुस्तक सोळा-सोळा पानांनी छापतात. त्या सोळा पानांना फॉर्मा म्हणतात. या माणसाचं आयुष्य बरोबर पाच फॉर्म्यांत बसलं होतं. पहिल्यात शेतावरचं बालपण, लवकर गेलेली आई आणि लोकांकडून मागून आणून वाचलेली पुस्तकं. दुसऱ्यात वकिली आणि लग्न. तिसऱ्यात हरलेल्या निवडणुका, चौथ्यात सत्ता. पाचव्यात आजारपण आणि मृत्यू.

आक्काताईंच्या हातात पाचवा होता. त्यातल्या दोन पानांची अदलाबदल झाली होती. आधी अंत्ययात्रा आणि तोफांची सलामी. मग पान उलटलं की हा अंथरुणावर, आणि बायको त्याच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवतेय. पानांचे आकडे मात्र क्रमानं होते. कॉम्प्युटरवर पान इकडचं तिकडं सरकवलं की आकडे आपोआप बदलतात. त्यामुळे ही चूक आकड्यांवरून कळत नाही. वाचूनच कळते.

मालक सुभाषराव आतून आले. कागद बघितला आणि थेट शबानाच्या टेबलाशी गेले. शबाना आमची डीटीपी ऑपरेटर. कॉम्प्युटरवर पानं लावायचं काम तिचं.

"हे काय गं?"

"मालक, फायनल प्रूफ सरांकडं गेलतं. त्यांची सही आल्यावरच छपाईच्या प्लेटा केल्या."

"म्हणजे सरांनी सोडलं म्हणतीस? ह्या माणसानं सव्वीस वर्षांत वेलांटी सोडली न्हाय. असली चूक सोडतील व्हय?"

"मी तसं न्हाई म्हणत..."

"मग सही झाल्यावर तूच फाईल हलवलीस."

"अल्लाशपथ न्हाई, मालक. उघडली सुद्धा न्हाई."

"प्रूफ कुठं हाय?"

तिनं माझ्याकडं बघितलं. रीत अशी की सही केलेलं सगळं प्रूफ छापखान्यात फाईलला लावायचं. मी तिला सहीचं पान तेवढं काढून दिलं होतं. बाकीचं माझ्या पिशवीत, घरी राहिलं होतं.

"घरी आहे," मी म्हणालो. "उद्या आणतो."

"आणा. आणि शबाना, प्रूफात पानं बरोबर निघाली, तर तू दुसरीकडं काम बघायचं."

मला तिथंच बोलता आलं असतं. बोललो नाही. टेबलावर बसलो, उठलो, बाहेर जाऊन चहा घेतला, परत आलो, पुन्हा चहाला गेलो. गडमुडशिंगीच्या बसमध्ये जागा होती, तरी घरापर्यंत उभा राहिलो.

माझी पत्नी सुमन जाऊन तेव्हा सात आठवडे झाले होते. प्रूफ वाचायची जुनी पद्धत दोघांची असते. एकानं मूळ हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं प्रूफवर नजर ठेवायची. सुमन वाचायची, मी बघायचो. स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही कितीतरी पुस्तकं अशी तपासली. तिच्यानंतरचं हे पहिलं. चार फॉर्मे मी एकट्यानं वाचले. पाचवा नुसता चाळताना त्या ओल्या पट्ट्या दिसल्या आणि मी तो मिटला. सुमनलाही शेवटी तापच होता. दोन दिवसांनी तो न वाचता प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात खूण केली आणि सही करून टाकली.

घरी पोचल्यावर पिशवी उघडली. सोळा पानं, सोळा खुणा. दोन पानं उलटसुलट. प्रूफ हरवलं म्हणालो असतो, तर मला कुणी दुसरा प्रश्न विचारला नसता.

सकाळी पहिल्या बसनं गेलो आणि प्रूफ मालकांपुढे ठेवलं. त्यांनी सगळी पानं उलटली.

"सर, ह्या खुणा तुमच्याच?"

"माझ्याच. पण वाचलं नव्हतं."

"मग खुणा कशाला केल्या?"

"वाचलंय असं दिसावं म्हणून."

त्यांनी प्रूफ मिटून ठेवलं. मग म्हणाले, "सांगायचं की राव. पुस्तक पंधरा दिवस थांबलं असतं." शबानाकडं वळून म्हणाले, "प्रूफाच्या आधी पानं तूच फिरवलीस, ही चूक तुझी हाय."

"व्हय. चूक माझी हाय. पण मी खोटी न्हाई," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "सर, काल तुम्ही इथंच बसलातासा. काल का न्हाई बोललासा? मी घरात सांगाय लागले, सर हायत, काळजी करू नका."

 

फॉर्मा पुन्हा छापायचा ठरला. त्याआधी मी तो तिथंच वाचायला घेतला. बसवेना, म्हणून खिडकीशी उभा राहून वाचला. सोळा पानांना तीन तास लागले. आणखी दोन चुका निघाल्या.

शबाना अजून आमच्याकडंच आहे. हल्ली ती प्रूफ देते आणि समोर खुर्ची ओढून बसते. मी शेवटचं पान उलटेपर्यंत ती उठत नाही.

नवीन माणसाला मी आता एवढंच सांगतो. वाचवत नसेल तर सही करू नका, वाचवत नाही असं सांगा. पुस्तक थांबू शकतं.