खिडकीपुढचा भराव आणि आमच्या हरकती

एका मंगळवारी सकाळी सव्वानऊला माझ्या किचनमध्ये अंधार झाला. तेव्हापासून आमच्या बिल्डिंगमध्ये इतके किस्से साठलेत की पाहुणा आला की चहा उकळेपर्यंत दोन तरी सांगून होतात. पाहुणे हसतात. आम्हीही हसतो. पण सांगताना मी दातओठ खात असते, ते कुणाला दिसत नाही.

आम्ही विरार पूर्वेला, फुलपाड्यात राहतो, तळमजल्यावर. मी, हे आणि आमची साडेतीन वर्षांची ओवी. खिडकीसमोर मोकळा, खोलगट प्लॉट. सरकारी नकाशात तिथे बाग आहे. बाग कधी झाली नाही, पण पावसाचं सगळं पाणी त्या खोलगट जागेत जायचं आणि आमची घरं कोरडी राहायची.

त्या मंगळवारी मी चपात्या लाटत होते. एकदम उजेड गेला. बघते तर खिडकीच्या गजांपर्यंत माती, आणि मागे डंपर!

लाटणं हातात घेऊनच बाहेर धावले. "कोणी सांगितलं इथे टाकायला?"

ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, गुस्सा क्यों करती हो? आपके लिए ही मार्केट बन रहा है!"

* * *

मग कळलं, बागेचं आरक्षण उठवून तिथे दुकानांची बिल्डिंग करायचं चाललंय. लोकांकडून हरकती मागवल्यात म्हणे. मी आणि आमचे सोसायटीचे सेक्रेटरी पाटीलकाका महापालिकेच्या ऑफिसात गेलो.

क्लार्क म्हणाला, "नोटीस जागेवर लावलीय. वाचून या."

"लावली असेल. तिच्यावरच डंपर रिकामा झालाय."

"मग माती बाजूला करून वाचा."

"करू आम्ही?"

"छे! परवानगीशिवाय मातीला हात लावता येणार नाही."

हे बोलताना मान वरसुद्धा केली नाही त्याने! ज्याने माती टाकली त्याने कोणाची परवानगी घेतली होती, असं मी विचारलं. तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली.

* * *

आमच्या सोसायटीत सगळं एकत्र करायची पद्धत. गणपती एक, टँकर एक, भांडणंसुद्धा सगळ्यांची एकाच जिन्यात. म्हणून पाटीलकाकांनी ठरवलं, हरकतीचा अर्जही एकच आणि खाली सगळ्या बिल्डिंगच्या सह्या. "एकजूट दिसली पाहिजे!"

क्लार्कने शिक्का मारला. "हरकत एक."

"अहो, सह्या बघा की किती आहेत!"

"कागद एक, हरकत एक."

आणि पलीकडच्या टेबलावर मार्केट हवंच म्हणणाऱ्यांचा गठ्ठा पडलेला. प्रत्येकाचा कागद वेगळा!

पाटीलकाका जिन्यात थांबले. चष्मा काढून पुसला. म्हणाले, "जन्मभर लोकांना सांगत आलो, एकी करा, एकी करा. या ऑफिसात एकीला एकच मार्क!"

* * *

मुदत संपत आलेली. आता प्रत्येकाचा कागद वेगळा करायचा, म्हणून सगळ्या बायका माझ्या घरी जमल्या. मी सातवी शिकलेली, पण अक्षर बरं, म्हणून ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं मी लिहून घेत होते. शेजारच्या देसाईआजी मटार सोलत बसलेल्या.

"आजी, तुमची हरकत काय लिहू?"

"माझी हरकत धाकट्याच्या लग्नालाच होती. ती कोणी ऐकली, म्हणून ही ऐकतील?"

हसून हसून मटार घरभर झाले. मग आजी गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "लिही. मला पळता येत नाही. पाणी आलं तर मला कोण उचलणार ते सांगा. तेवढंच लिही."

दुसऱ्या मजल्यावरच्या शिंदेकाकूंनी मात्र कागद घेतलाच नाही. "आम्हाला काय गं? पाणी काय जिना चढून येणारे?"

* * *

सुनावणीला साहेब म्हणाले, "जागेची पाहणी झालेली आहे. पाणी साचत नाही. जागा पूर्ण कोरडी आहे."

मी विचारलं, "पाहणी कधी केलीत?"

"एप्रिलमध्ये."

देसाईआजी मागून ओरडल्या, "एप्रिलात आमचे नळपण कोरडेच असतात, साहेब!"

साहेबांनी घड्याळ बघितलं. "तुमच्या भावना समजल्या."

माझं डोकंच फिरलं. "भावना राहू द्या, साहेब. पाणी कुठून कुठे जातं तेवढं समजून घ्या!"

सगळ्या हरकती फेटाळल्या. आजींची पण.

* * *

जूनमध्ये पाण्याला जायला जागाच उरली नव्हती. ते आमच्याकडे आलं. ओवीची गादी भिजली. तेव्हापासून आमच्या चपला दाराबाहेर नसतात, भिंतीला खिळ्यावर टांगलेल्या असतात. सिलेंडर विटांवर. मी पलंगावरून एक हात खाली सोडून झोपते. पाणी आलं तर आधी माझ्या बोटांना कळावं.

त्या पावसात बिल्डिंगचा पंप बुडाला आणि वरचे सगळे नळ बंद पडले. दुपारी शिंदेकाकू बादली घेऊन खाली आल्या. गुडघाभर पाण्यात उभ्या राहून विचारतात, "अगं, पाणी आहे का गं?"

मी ओवीला कडेवर घेऊन पलंगावर उभी होते. म्हटलं, "घ्या ना काकू, हवं तेवढं!"

फेटाळलेल्या हरकतींवर आम्ही वर अपील केलं, त्यात पहिली सही काकूंनी केली. स्वतःच्या वेगळ्या कागदावर.

* * *

अपिलाचे साहेब स्वतः बघायला आले. पाऊस जरा उघडलेला. माणूस सभ्य. दाराशी काळे चकचकीत बूट काढले, नीट जोडीने ठेवले.

ओवीने खिळा दाखवला. "काका, बूट वर टांगा."

साहेब हसले. "कशाला बाळा? मी लगेच निघणार आहे."

पावसाळ्यात आमच्याकडे पाहुण्याला पलंगावर मांडी घालूनच बसवतात. साहेब बसले, शेजारी पाटीलकाका, पायथ्याशी देसाईआजी. मी चहा दिला, मोबाईलमधले फोटो दाखवले.

"असं आहे ताई, फोटो कुठलेही असू शकतात. मला प्रत्यक्ष पुरावा लागतो."

बाहेर सर आली. साहेब जमिनीचा उतार समजावू लागले. नियमाप्रमाणे पाणी कसं उलट दिशेला, रस्त्याकडेच जायला हवं, ते हाताने दाखवत होते. मला ओरडावंसं वाटत होतं. तेवढ्यात ओवीने माझी ओढणी ओढली.

"आई, काकांचा बूट आला."

उंबऱ्यावरून एक बूट आत आला. कपाटाला जरा टेकला, वळला आणि सावकाश पलंगापाशी येऊन थांबला. पाटीलकाकांनी बशीतला चहा फुरकन प्यायला.

साहेबांनी बुटाकडे बघितलं. मग हळूच विचारलं, "दुसरा?"

देसाईआजी म्हणाल्या, "येईल. बसा जरा."

* * *

निकाल अजून यायचाय. तोवर एवढं करा. नालासोपाऱ्यात, गास गावात, जिथे कुठे कोणाच्या खिडकीपुढे माती पडत असेल, तिथे हे सांगा: सगळ्यांच्या सह्या एका कागदावर घेऊ नका, प्रत्येकाने आपापला कागद द्या. आणि तुम्ही हे जसं ऐकलंत, तसंच पुढच्याला सांगा.