सात वाट्यांची चौकशी

आमच्या गल्लीत एक गोष्ट पक्की मानली जाते: दलेंदाखालाने आपल्या सख्ख्या भावाला पोलिसांच्या ताब्यात दिलं. सांगणारा बदलला की गोष्ट चढत जाते. पाववाल्याकडे ती नुसती सही करते, न्हाव्याकडे शिक्का मारते, आणि खदूजाकडे पोचेपर्यंत स्वतःच्या पिशवीतून बेड्या काढून देते. खदूजा समोरच्या घरात राहते. तिचं बोलणं 'मी काही बोलत नाही हं' असं सुरू होतं आणि चहा गार झाला तरी संपत नाही.

गोष्ट खोटी आहे. दलेंदाखालाने दिला तो एक कागद, आणि तोही पुरता न वाचता.

ती राजधानीत एका सरकारी कचेरीत काम करते आणि शुक्रवारी संध्याकाळी भरलेल्या शेअर टॅक्सीत पाचवी-सहावी बसून आमच्या गावी, महदियाला, म्हाताऱ्या आईकडे येते. बँकेला किंवा पोस्टाला एखादा व्यवहार खटकला की ते एक कागद भरून तिच्या कचेरीत पाठवतात. असे कागद गठ्ठ्याने येतात. त्यातला धोका कुठला आणि नुसता संसार कुठला, हे ओळखायचं तिचं काम. नावं ती कधी सांगत नाही. मी शेजारची पोर, तिला खाला, म्हणजे मावशी म्हणते. अंगणात तिच्याबरोबर मटार सोलताना खूप खोदलं, तेव्हा एवढंच म्हणाली, "गुन्हेगाराला घाई असते, माकडे. संसाराला निमित्त असतं."

म्हणून तिच्या टेबलासमोर संगणकापेक्षा मोठी दिनदर्शिका आहे. ऑलिव्ह उतरवायचे दिवस, शाळा उघडायचे दिवस, परदेशातली माणसं घरी येतात तो ऑगस्ट, लग्नं, सुंता, दोन्ही ईद. एखाद्या विधवेच्या खात्यात अचानक नऊ जणांचे पैसे आले, तर बाकीचे लाल खूण करतात, आणि ही आधी बघते की घरात कुणाचं लग्न आहे का. कुठलाच सण ज्या पैशाला जुळत नाही, तिथे मात्र ती थांबते. तिच्या अशा एका थांबण्यातून मुली विकणारी टोळी सापडली, असं म्हणतात. हे तिने नाही सांगितलं. पेपरात आलं होतं, आणि त्या शुक्रवारी ती घासलेली भांडी पुन्हा घासत बसली होती.

आता तिचा भाऊ. शेदली. बारा वर्षांपूर्वी मौलूदच्या, म्हणजे पैगंबरांच्या जन्मदिवसाच्या, दुसऱ्या दिवशी तो होडीतून सिसिलीकडे गेला. मी तेव्हा रांगत होते, त्यामुळे माझा शेदली हा त्याची आई, उम्मी बेया, सांगते तेवढाच: खादाड, गोड बोलणारा, आणि उद्यावर ढकलण्यात पटाईत. मौलूदला आमच्याकडे पाइनच्या काळ्या बिया दळून असीदा नावाची घट्ट खीर करतात, वर पांढऱ्या सायीचा थर, त्यावर बदाम-पिस्त्यांची नक्षी, आणि घरोघर वाट्या पाठवतात. आलेली वाटी रिकामी परत करायची नाही. त्या वर्षी उम्मी बेया तापाने पडली होती, तिने काही केलं नाही, पण सात घरांतून सात वाट्या आल्या. सातही शेदलीने एकट्याने संपवल्या. आई म्हणाली, अरे, आता या भरून कोण देणार? तो बोटं चाटत म्हणाला, "मी देईन की. तू नको हात लावूस."

सिसिलीतून एक फोन आला, पोचलो म्हणून. मग काही नाही.

उम्मी बेयाने खरंच हात लावला नाही. सात वाट्या कपाटात राहिल्या. दर मौलूदला ती त्या धुते, पुसते, परत ठेवते, आणि स्वतः असीदा करत नाही. गल्लीत कुणी वाटी मागितली नाही. आपली वाटी मागणं ही आमच्याकडे भीक मागण्यापेक्षा लाजेची गोष्ट. खदूजा फक्त दरवर्षी म्हणायची, "मी काही बोलत नाही हं, पण माझी ती निळ्या काठाची होती."

या वर्षी मौलूदच्या तीन आठवडे आधी गल्लीतल्या सात घरांना पोस्टातून बोलावणं आलं. प्रत्येकाला पंचेचाळीस दिनार, सिसिलीतून, एकाच माणसाकडून. आपल्याला आले हे कुणीच कुणाला सांगितलं नाही, आणि पावतीवरचं नाव कुणी धड वाचलंही नाही. खदूजाला वाटलं, मेलेल्या नवऱ्याला उपरती झाली. पोस्टातला नवा कारकून मात्र दक्षिणेचा. त्यांच्या गावी असीदा एकाच परातीतून सगळं घर खातं, वाट्या कुठे जात नाहीत. त्याने पाहिलं: एक पाठवणारा, एक दिवस, एक गल्ली, सात माणसं, सारखी रक्कम. त्याने कागद भरला. तसं पाहिलं तर बरोबरच केलं.

मग राजधानीहून दोघं चौकशीला आले, आणि गल्लीची जीभ सैल झाली. सिसिलीत आपलं कोण? शेदली. त्या कचेरीत आपलं कोण? दलेंदा. दोन आणि दोन खदूजाने मिळवले आणि पाच केले.

शुक्रवारी दलेंदाखाला गाडीतून उतरली तर खदूजा तिच्याच उंबऱ्यावर. सगळं ऐकून घेतल्यावर खाला म्हणाली, "गल्लीचं नाव वाचलं आणि तिथेच थांबले. आपली गल्ली, आपलं रक्त असेल तर तो कागद आपण बघायचा नाही, असा नियम आहे. शेजारच्या टेबलावर दिला."

"आणि पाठवणाऱ्याचं नाव?"

"त्याच ओळीत पुढे होतं. मी त्यावर हात ठेवला होता."

खदूजा उठली आणि चहा न घेताच घरी गेली.

मी मात्र तिथेच राहिले. मी खालाला सांगितलं, पोस्टाची पावती सातही घरांत पडली आहे, तिच्यावर नाव आहे, खदूजा तर आता हातात आणून देईल. बारा वर्षं भाऊ आहे की नाही ठाऊक नाही, आणि एवढ्याशा चिठोऱ्याकडे तू बघणार नाहीस? मौलूदच्या आत बघशील. पैज.

"प्रकरण बंद होईपर्यंत नाही," ती म्हणाली. "मी नाव ओळखलं, आणि मला कुणी विचारलं, तर मी खोटं बोलेन. मला माहीत आहे, मी बोलेन. हरलीस तर काय करशील?"

सांगशील ते, मी म्हटलं. मला जिंकायची खात्री होती.

सोमवारी चौकशीवाले पुन्हा आले. त्यांच्यातला तरुण यादी घेऊन दारोदार नावं वाचत होता. उम्मी बेया दारात बसून ऐकत होती. सातवं नाव झालं तशी ती उठली, त्याचं मनगट धरून आत घेऊन गेली, आणि कपाट उघडलं. "बाळा, ही त्यांची, ही त्यांची, आणि ही निळ्या काठाची खदूजाची. मोज. या वर्षी किलोभर बिया केवढ्याला आहेत विचार बाजारात." तो खरंच विचारायला गेला. पंचेचाळीस.

परत येऊन त्याने विचारलं, मग तुम्हाला कसे नाही आले?

"घरच्यांना कोण वाटी परत करतं?" उम्मी बेया म्हणाली. "म्हणून तर हा माझा शेदलीच."

मौलूद आला. खदूजाने पावती आणून दलेंदाखालाच्या हातात कोंबली. हीच तिची माफी. खालाने ती उलटी करून बशीखाली ठेवली. दिवसभर मी त्या बशीभोवती मांजरीसारखी फिरले. पाणी प्यायला, मीठ घ्यायला, काही नाही तर माशी हाकलायला. खाला टेबलाशी बसून होती, तळवा बशीवर. तिने पावती उलटली नाही. दुसऱ्या दिवशी ती तशीच कामावर गेली.

पुढच्या शुक्रवारी गाडीतून उतरली तीच चपला न काढता टेबलाशी गेली. प्रकरण बंद झालं होतं. तिने पावती वाचली. नाव कुणा सिसिलीवाल्याचं होतं, आम्ही कधी न ऐकलेलं. ज्याच्याकडे कागदपत्रं नसतात तो दुसऱ्याच्या नावाने पाठवतो, हे तिच्याइतकं कुणाला माहीत. आणि मेलेल्या माणसाचा शब्द एखादा मित्रही पाळतो, हेही. तिने नाव दोनदा ओठांत म्हणून पाहिलं, घडी केली, आईच्या हातात दिली आणि चपला काढल्या.

उम्मी बेयाने त्या शनिवारी असीदा केली, मौलूद उलटून आठवडा झाला तरी. बारा वर्षांनी हात थोडा विसरला होता, तळाशी लागली. दलेंदाखालाने सातही वाट्यांवर बदामाची नक्षी काढली आणि तबक माझ्या हातात दिलं. पैज मी आठ दिवसांच्या फरकाने हरले होते. सात दारं, सात वेळा तेच वाक्य, तिने पढवलेलं, जसंच्या तसं, नक्कल न करता: "शेदलीकडून. उशीर झाला."