दोन सारखे नारळ

दोन नारळ कधीच सारखे नसतात, हे मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, ऐन भाऊबीजेला कळलं.

मला बहिणी दोन. मोठी अक्का मेहकरला, धाकटी रेखा उंद्रीला, आणि मधे मी, बुलढाण्यात! आदल्या दिवाळीत दोघींना साड्या घेतल्या. अक्कानं तिथल्या तिथे बोटं लावून काठ मोजले. "तिले चार बोटं, अन् मले दोन?" झालं! वर्षभर दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. बोलायच्या त्या माझ्यामार्फत. सकाळी सहाला अक्काचा फोन, "बाळ्या, रेखा चकलीच्या भाजणीत काय टाकते इचारजो. मी इचारलं म्हणून सांगू नको!" (मी विचारायचो. रेखा मुद्दाम चुकीचं सांगायची. चकल्या फसल्या की शिव्या मला.) या दोघींचं मरायच्या आत एकदा तरी एकमत होऊ दे रे देवा, एवढंच माझं मागणं होतं.

म्हणून मी घरच्या ग्रुपवर जाहीर केलं: यंदा ओवाळणीत फक्त एक नारळ. ना काठ, ना पदर, ना भांडण! दोघींचे अंगठे आले. अर्थात वेगवेगळ्या दिवशी.

"नारळ?" बायको म्हणाली. "बहिणी येऊन राह्यल्या, का सत्यनारायण हाय घरी?"

मी ऐकतो होय! बाजारात अर्धा तास सुतळीनं नारळांचे घेर मोजत बसलो. शेवटी दुकानदार वैतागला, "साहेब, लग्न लावाचं हाय काय या नारळायचं?" घरी आणून वजन केलं. एकाची शेंडी जरा लांब होती, ती कात्रीनं कापून बरोबर केली.

भाऊबीजेला दोघी सोफ्याच्या दोन टोकांना बसल्या. ओवाळणं झालं, नारळ दिले. मी हुश्श म्हणणार, तेवढ्यात अक्कानं नारळ कानाशी धरून हलवला. ते पाहून रेखानंही आपला हलवला.

"बाळ्या, माह्या नारळात पाणी नाई."

रेखा भिंतीकडे बघत म्हणाली, "ज्याचं त्याचं नशीब."

"बदलून घ्या ना मग!" मी म्हणालो.

"म्हणजे कोरडा मले देतं काय बे?" रेखा कडाडली.

माझं डोकंच फिरलं. दोन्ही नारळ उचलले आणि ओट्याच्या पायरीवर आपटले. रेखाचा निघाला पांढराशुभ्र. अक्काचा आतून काळा कुळकुळीत, आणि वास असा की बायकोनं पदर नाकाला लावला.

"नासका नारळ शुभ असतो!" मी ओरडलो. "नवस पावतो म्हणतात!"

"मंग तूच खाय!" अक्का म्हणाली.

आणि रेखाला खुदकन हसू आलं. "अक्का, आठवते काय व? लहानपणी बोरं वाटाले बसे, तं किडकी तुलेच देत जाय हा!"

"हाव ना! अन् चांगली सोता खात जाय!"

वर्षानंतरचं पहिलं बोलणं! रेखानं आपल्या नारळाची अर्धी वाटी अक्काच्या हातावर ठेवली. खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. कुणाचं लक्ष नव्हतं. दोघी पुढचे तीन तास माझी बालपणापासूनची पापं मोजत होत्या, आणि लग्नानंतरची यादी बायको पुरवत होती!

आता दोघी रोज तासभर फोनवर असतात. मला कुणी विचारत नाही. यंदा ग्रुपवर अक्काचाच हुकूम आला: "याही वर्षी नारळच. दोन नाई, एकच. फोडून वाटून घेऊ. अन् बाळ्याले आणाले धाडू नका." त्याच मिनिटाला रेखाचा अंगठा. मागोमाग बायकोचा!

देवानं माझं मागणं ऐकलं. बहिणींचं शेवटी एकमत झालं: बाळ्याले अक्कल नाई.